स्प्रिंगवर कसं रागवायचं?

आमच्या भावजींना बाजारातलं प्रत्येक शटर आवाजावरून ओळखू यायचं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. शटरं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि आमचं घर बाजाराच्या रस्त्यावरच, खाली दुकानं आणि वर राहत्या खोल्या. आमच्या दोन खोल्या, त्यांच्या दोन, मधे एक दार, जे कधी कुणी लावत नाही. सकाळी खालची शटरं उघडायला लागली की भावजी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायचे. "वहिनी, चष्मेवाल्याची पट्टी वाकलीय. आज हाक मारतो की नाही बघा." आणि दुपारच्या आत चष्मेवाला खालून हाक मारायचा. मी म्हणायचे, "तुम्हीच जाऊन वाकवून येत असाल." त्यावर ते दोन्ही कानांना हात लावायचे. "शटरचं जाऊ द्या, तुमच्या शिवणयंत्राचं सांगतो. कधीपासून तेल मागतंय बिचारं, मालकीणबाईंना ऐकू येत नाही." मी घरी बसून लोकांच्या पडद्यांना काठ घालते. यंत्राला खरंच तेल लागलेलं असायचं.

माणूस काही साधुसंत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आजारी माणसाबद्दल बोलायला लागलं की त्याचं सोनं करायची आपल्याला खोड असते. भावजी पत्त्यांत लबाडी करायचे, चिडले की भरलं ताट सरकवून उठायचे, आणि त्यांच्या कामात दुसऱ्याने तोंड घातलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. पण आमच्या घरात जे काही हसू होतं ते त्यांच्यामुळे होतं. कोणता दुकानदार शटर कसं ओढतो याच्या ते नकला करायचे. बुटांच्या दुकानाचा मालक शेवटचं वीतभर शटर पायाने दाबतो. औषधवाला कुलूप दोनदा ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, पोट धरून हसायची. मी तिला नुसतं धाकटी म्हणते. आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, फार गंभीर गृहस्थ. हे वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसायचे, आणि पेपर थरथरायचा. सासूबाई म्हणायच्या, "पुरे रे, त्या लोकांचं खातोस ना!" आणि त्याही हसायच्या.

त्यांचा जोडीदार एक अतिशय उंच माणूस होता. स्टूल न घेता त्याचा हात शटरच्या वरच्या खोक्यापर्यंत पोचायचा, म्हणून त्याला सगळा बाजार शिडी म्हणायचा. शिडी भावजींना मास्तर म्हणायचा, भावजी त्याला वाट्टेल ते म्हणायचे. दोघांचं काम बघायला मजा यायची. शटर वर गुंडाळलं जातं ते आतल्या पाइपवर बसवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. ती सैल पडली की शटर जड होतं. मग एकाने पान्याने पाइप पिळायचा, दुसऱ्याने दुसऱ्या पान्याने तो धरून ठेवायचा, तेवढ्यात पहिल्याने नवी पकड घ्यायची. हे सगळं एकमेकांना सांगत करायचं. "धर." "धरलं." "सोडतो." "सोड." समोरचा 'सोड' म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, हा त्या धंद्यातला नियम. खालून नुसतं ऐकलं तर दोन म्हातारे भांडतायत असं वाटायचं.

अपघाताचं खरं काय ते इथे एकदाच सांगते, कारण पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. एका दुकानाचं जुनं शटर पिळताना आतली स्प्रिंग तुटली. शटरचं सगळं वजन एकदम सुटलं, पाइप गर्रकन फिरला, त्याच्यावर चढवलेला लांब पाना त्याच्याबरोबर फिरला आणि भावजींच्या डोक्यात बसला. कुणी काही चुकलं नव्हतं. नंतर दुसऱ्या कारागिराने ते खोकं उघडलं तेव्हा स्प्रिंग दोन तुकड्यांत निघाली. शिडी दवाखान्यात येऊन ते आम्हाला सांगून गेला. धाकटीने त्याच्याकडे बघितलंही नाही.

भावजी कित्येक आठवडे नुसते पडून होते. डॉक्टरांनी कवटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी माणूस वाचला. भेटायला येणारे म्हणायचे, जीव वाचला हे काय कमी आहे! असं म्हणणाऱ्याला मी हल्ली सरळ विचारते, तुमच्याकडे पाठवू का थोडे दिवस राहायला? मग ते चहा संपवून उठतात.

घरी आले ते भावजी दिसायला तेच होते, डोक्याची डावी बाजू तेवढी जरा बसलेली. उजवा हात अर्ध्यावर येऊन थांबायचा. शब्द सापडायचे नाहीत. पाण्याला खुर्ची म्हणायचे आणि खुर्ची दिली की संतापायचे. वास येणं बंद झालं होतं. दूध उतू जाऊन जळलं, सगळ्या घरात धूर झाला, आणि हे गॅससमोर उभे. एकदा शर्टाची बटणं लावायला बसले ते दुपार झाली तरी बसलेलेच. मी मदतीला हात पुढे केला तर फाडकन माझ्या हातावर मारलं, आणि मग माझाच हात धरून रडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मारलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. मी आत जाऊन यंत्रावर बसले, पण टाका काही सरळ पडेना.

पण एक गोष्ट मी तेव्हा नीट पाहिलेली आहे, आणि ती मी शपथेवर सांगेन. शटरांना ते घाबरत नव्हते. सकाळी खाली धडधड सुरू झाली की त्यांची मान हळूच आवाजाकडे वळायची आणि तोंडाच्या एका बाजूने हसल्यासारखं व्हायचं. सबंध दिवसात त्यांच्या चेहऱ्यावर जुने भावजी दिसायचे ते तेवढाच वेळ. मी मुद्दाम तेव्हा त्यांच्याजवळ चहा घेऊन बसायचे.

दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी सांगितलं होतं, "यांच्याशी बोलत राहा. जुन्या गोष्टी सांगा. हळूहळू बोलणं परत येईल." सल्ला चांगला होता. आमच्या घराने त्याचं काय केलं ते ऐका. जुन्या गोष्टी म्हणजे लहानपण, लग्न, पत्ते, नकला. पण दारात येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "अपघाताचं काही आठवतं का?" भावजी मान हलवायचे. नाही. आणि ते 'नाही' आमच्या लोकांना सलायचं. तेवढं एक आठवलं की बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग परत येईल, अशी सगळ्यांची समजूत झाली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशातलं ते होतं.

मग धाकटीने शिकवणी सुरू केली. चहा झाला की त्यांना समोर बसवायची. "तुम्ही स्टुलावर होतात. हातात पाना होता. शिडीभाऊजी पलीकडे. तुम्ही म्हणालात, धर. ते म्हणाले, धरलं. आणि धरलंच नव्हतं त्यांनी. सोडलं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी यंत्र थांबवून आत गेले. तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, "अगं, काय सांगतेस हे? स्प्रिंग तुटली होती. तुझ्यासमोर सांगितलं त्याने."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती ओट्यावरचं फडकं पिळत राहिली. "ताई, स्प्रिंगवर कसं रागवायचं?" ती म्हणाली.

मला गप्प बसता येत नाही. म्हटलं, तुझा राग तुझ्याजवळ ठेव, त्यांच्या डोक्यात कशाला भरतेस, आधीच तिथे जागा कमी आहे. ती रुसली. पुढचे काही दिवस मधलं दार लावलेलं असायचं.

आणि भावजींच्या तोंडून अपघातानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य निघालं ते हेच. "शिडीने धरलं नाही." धाकटी ते दार उघडून धावत आली. "ताई, बोलले! पूर्ण वाक्य बोलले! आठवलं त्यांना!" ती रडत होती, हसत होती, मला मिठी मारत होती. तिच्या आनंदावर पाणी ओतायला माझी जीभही त्या दिवशी वळली नाही. सासूबाईंनी सगळ्यांना फोन केले.

त्यानंतर पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. "सांगा बरं, काय झालं होतं?" आणि भावजी शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसे सुरू व्हायचे. स्टूल. पाना. धर. धरलं. अडखळले की धाकटी पुढचा शब्द द्यायची. शेवटपर्यंत आले की सगळे म्हणायचे, शाब्बास! एकदा तर शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींना ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरात दुसरं काहीच त्यांना धड जमत नव्हतं. शर्ट जमत नव्हता, चमचा जमत नव्हता. ही एक गोष्ट जमत होती, आणि ती सांगितली की सगळे खूश व्हायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोत वाजलं होतं आणि भावजी न खाता बाहेर पडले होते. म्हणून चक्कर आली, म्हणून स्टुलावरून तोल गेला, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. धाकटी बाजारात गेली की त्या लेकाजवळ बसून, त्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याला ते सांगायच्या. "उपाशी होतास रे. डोळ्यापुढे अंधार आला तुझ्या. पडलास." आणि आमचे हे तर काय, यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. यांच्या मते भिंत पोकळ होती आणि शटरचं ब्रॅकेटच भिंतीतून निखळलं; दोष दुकानदाराचा. संध्याकाळी कामावरून आले की हे भावाला समोर बसवून हातवारे करत समजावून सांगायचे, भिंत कशी फाटली, विटा कशा सुटल्या. प्रत्येकाला आपापला अपराधी हवा होता, आणि ऐकून घेणारा एकटाच होता, ज्याला 'पुरे' म्हणता येत नव्हतं.

मग एके सकाळी औषधवाल्याने शटर वर ढकललं आणि भावजींच्या हातातला कप पडला. मी धावत गेले तर ते भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, चांगला हात डोक्यावर, डोळे गच्च मिटलेले. "सोडलं, सोडलं, सोडलं." तोंडाला फेस आला होता. मला वाटलं फीट आली. ती नव्हती. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याच्या शटराला पुन्हा तेच. संध्याकाळी दुकानं बंद होताना पुन्हा. एखाद्या दिवशी ते डोकं झाकायचे. एखाद्या दिवशी पलंगाची कड धरून, पडणाऱ्या माणसासारखे आईला हाका मारायचे. आणि एखाद्या दिवशी दोन्ही हातांनी भिंत आत ढकलत उभे राहायचे, तो दुबळा हातसुद्धा कसाबसा वर नेऊन, भिंत अंगावर येतेय म्हणून. मी पडद्याचं कापड हातात घेऊन दारात उभी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकाच माणसाला तीन अपघात झाले होते, आणि तिन्ही रोज होत होते.

दुकानदार भले. आम्ही जाऊन सांगितलं तर सगळे शटर हळू ओढायला लागले. पण हळू ओढलेलं शटर जास्त वेळ किंचाळतं. भावजी कानात कापूस घालून न्हाणीघरात जाऊन बसायला लागले, कारण तिथे आवाज सगळ्यात कमी यायचा. उलट्या बादलीवर बसायचे. हळूहळू दुकानं उघडायच्या आधीच जायचे, आणि उघडल्यावरही यायचे नाहीत, कारण एखादा उशिराचा दुकानदार राहिलेला असू शकतो. जेवण तिथे, चहा तिथे. घरातले सगळे आंघोळीला आमच्या बाजूच्या न्हाणीघरात यायला लागले. बाजारात ज्याच्या हाताखालून शेकडो शटरं गेली तो माणूस बादलीवर बसून दाराच्या फटीकडे बघत होता, आणि त्याला जुनी नक्कल करून दाखवायला सांगायची आता कुणाची छाती नव्हती.

शेवटी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी भावजींना काय काय दिसतं ते विचारून घेतलं, मग त्यांना बाहेर बसवून आम्हाला आत बोलावलं. "एवढा मोठा मार बसतो तेव्हा त्या वेळचं काही मेंदूत साठतच नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीचे काही तासही जातात. त्यांना जे दिसतंय ते त्यांना आठवलेलं असणं शक्य नाही."

"मग हे आलं कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. आमचे हे चष्मा पुसायला लागले.

"कुठूनही आलेलं असो," बाई म्हणाल्या, "भीती मात्र खरी आहे. हृदय धडधडतं, घाम येतो, ते खोटं नाही. खऱ्या आठवणीची असती तेवढीच आहे."

"आता हे काढायचं कसं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

गोळ्या होत्या, बोलण्याचे उपचार होते, पण ज्याला बोलणंच पुरतं येत नाही त्याला त्यांचा किती उपयोग होईल हे बाईंनाही सांगता येईना. एक मात्र त्या ठामपणे म्हणाल्या. माणूस दिवसभर न्हाणीघरात बसला तर भीतीशिवाय त्याला दुसरं काही उरणार नाही. त्याला रोज घराबाहेर काढा, हाताला काम द्या, कितीही लहान असो, ओळखीच्या माणसाजवळ.

असं काम जगात एकाच ठिकाणी होतं. शिडीने गल्लीच्या टोकाला एक कारखाना टाकला होता, शटरच्या पट्ट्या कापायचा. कारखाना कसला, एक खोली. तिला शटर नव्हतं, लाकडी दार होतं. त्याने आम्हाला कितीदा तरी निरोप पाठवला होता, "मास्तरांना पाठवा. नट एका डब्यात, बोल्ट एका डब्यात, करत बसतील. चिडले तर चिडू देत, मला सवय आहे." अर्ध्या हाताचा, अर्ध्या बोलीचा, कधीही भडकणारा माणूस दुसरं कोण आपल्याकडे ठेवून घेणार होतं? आणि त्या शिडीचं नुसतं नाव काढलं तरी भावजींचे दात वाजायला लागत.

तेव्हा धाकटीला आपण काय केलं ते कळलं. तिने रडून घेतलं, आणि मग ती ते निस्तरायला बसली. ती कशी बसली हे मी पाहिलंय, म्हणून तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर मी ऐकून घेत नाही. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसायची, ओल्या फरशीवर. "अहो, ऐका. मी सांगितलं ते खोटं होतं. शिडीभाऊजींनी सोडलं नाही. स्प्रिंग तुटली होती. मी रागात होते म्हणून तसं सांगितलं."

भावजी बघत राहायचे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "तू... होतीस तिथं?"

"नाही."

"मी होतो."

तरीही ती रोज सांगत राहिली आणि रोज ते जास्त चिडत गेले. आम्हीही आपापलं परत घ्यायचा प्रयत्न केला. सासूबाई म्हणाल्या, तू पडला नव्हतास. हे म्हणाले, भिंत मजबूत होती. भावजींना वाटलं, सगळं घर एकीकडे झालं. ज्यांनी शाब्बास म्हटलं तेच आता खोटारडा म्हणतायत. शेवटी ते धाकटीला म्हणाले, "तू त्याची." म्हणजे तू त्याच्या बाजूची. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं खाणं सोडलं. ताट मी न्यायला लागले. ती भिंतीपलीकडे उभी राहून चमच्याचा आवाज ऐकायची, आणि मी बाहेर आले की विचारायची, "किती खाल्लं?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की शिडीला आणायचं तर हळूहळू. आधी फोटो, मग आवाज, मग माणूस. पण आपल्या हातचं न खाणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला हळूहळू म्हणजे काय ते कोण समजावणार? तिने एका भर दुपारी, सगळी शटरं वर असताना, शिडीला बोलावलं. तो धुतलेला शर्ट घालून आला. दारातून वाकून आत शिरला आणि खुर्ची दिली तरी जमिनीवर बसला, पाय पोटाशी घेऊन. आपण लहान दिसावं म्हणून बसला होता तो. इतका मोठा माणूस इतका लहान व्हायला बघत होता, की मला मान फिरवावी लागली.

धाकटीने भावजींना बाहेर आणलं. दारात त्यांचे पाय थांबले.

"मास्तर," शिडी म्हणाला, "मी आलोय. बसा."

"का सोडलंस?"

"सोडलं नाही, मास्तर. स्प्रिंग तुटली. तुमची शपथ."

"का सोडलंस?"

"अहो मास्तर, जुनी होती ती. गंजलेली. आत तुकडे..."

"का सोडलंस? का सोडलंस? का सोडलंस?" आणि प्रत्येक वेळी भावजी आपलं डोकं दाराच्या चौकटीवर आपटायला लागले, तीच बसलेली बाजू. धाकटी त्यांच्या कमरेला लोंबकळली, मी मधे हात घातला. माझ्या पंजावर त्यांचं डोकं आदळत होतं. त्यांच्यात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"चुकलं, मास्तर!" शिडी ओरडला. तो गुडघ्यांवर आला होता. "माझा हात सुटला. चुकलं माझं."

"असं काय बोलता?" धाकटी किंचाळली. "खोटं आहे ते! अहो, खोटं बोलतायत ते!"

पण भावजी थांबले. त्यांच्या खांद्यातला सगळा ताण उतरला. त्यांनी शिडीकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "बघ. मी खोटं नव्हतो बोलत." आणि रडले. पण हे रडणं वेगळं होतं, कुणीतरी एकदाचं आपलं ऐकून घेतलं म्हणून माणूस रडतो तसं. शिडी कधी उठून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी दुकानं बंद होताना भावजी न्हाणीघरात गेले नाहीत. धाकटीने पुढे केलेलं ताटही त्यांनी घेतलं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि मलाही वाटलं, सुटलो. असेल खोटं, पण एका खोट्याने घर उठून बसत असेल तर असू दे.

सकाळी औषधवाल्याने शटर उघडलं आणि सगळं पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखंही नाही. आता त्यांच्या भीतीला साक्षीदार मिळाला होता. "तो म्हणाला. तो स्वतः म्हणाला." काही दिवसांनी आमच्या ह्यांनी कारखान्याचा विषय काढून बघितला, तर भावजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की यांनी मान खाली घातली. "ज्याने सोडलं," भावजी म्हणाले, "त्याच्याकडे जाऊ?" अपघातानंतर इतकं नीट जुळलेलं बोलणं त्यांनी दुसरं केलं नाही. कारखान्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. त्या गोळीने ते दिवसाचा बराच भाग झोपतात, आणि उरलेला बादलीवर बसतात. धाकटी आता बाहेर काम धरायचं म्हणते. मी म्हटलं, धर. या घरात बसून तू काय करणार?

परवा मी शिवलेले पडदे पोचवायला गल्लीच्या टोकाला गेले होते. परत येताना शिडीच्या कारखान्याचं दार उघडं दिसलं. तो पट्ट्यांच्या ढिगापुढे बसला होता, पण हात चालत नव्हते. बाजारात कुणीतरी बोललं होतं की शिडीने स्प्रिंगचं काम घेणं बंद केलं, आता नुसत्या पट्ट्या कापतो. मी विचारलं, खरं का?

"जमत नाही, मोठ्या वहिनी," तो म्हणाला.

"का जमत नाही? तुमची काय चूक होती? तुम्ही त्या दिवशी त्यांच्यासाठी खोटं बोललात, हे काय मला कळत नाही?"

"मलाही तसंच वाटायचं." त्याने पंजे उलटे करून बघितले. "पण आता दिसतं मला. हात सुटताना दिसतो."

"अहो, स्प्रिंग तुटली होती!"

"हाताला ग्रीस होतं, वहिनी," तो म्हणाला. "फडकं खिशातच होतं, पण मी हात पुसला नव्हता. हे मला इतके दिवस आठवलं कसं नाही?"